फ्लाय ॲश आणि स्लॅगची काच: एक ठोकळा सालीपुरताच स्फटिक झाला, दुसरा आरपार. असं का?

मूसवाली
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

माझं काम असं आहे की वीजकेंद्राची फ्लाय ॲश आणि ब्लास्ट फर्नेसची स्लॅग एकत्र वितळवून त्याची काच करायची आणि मग तीच काच पुन्हा तापवून तिचं ग्लास-सिरॅमिक करायचं, म्हणजे फरशीसारखं टणक, लवकर न झिजणारं काहीतरी. वजनाने राख ४५, स्लॅग ४५ आणि उरलेला सोडा ॲश. सगळं दळून मुशीत भरलं, १४५० अंशाला दोन तास ठेवलं, लोखंडी साच्यात ओतलं, ६५० ला ॲनिल करून (आतला ताण काढून) रात्रभर भट्टीतच निवू दिलं. काच झकास निघाली, काळीभोर, पातळ कपची उजेडात धरली तर बाटलीसारखी हिरवी दिसते.

मग ठोकळा ९५० ला दोन तास ठेवला. काढला तर कोपरे गोल झालेले, ज्या विटेवर ठेवला होता तिचा ठसा खाली उमटलेला, पण वरून एकदम मॅट, दगडासारखा. मी खूश! डायमंड कटरने मधोमध कापला आणि आत बघते तर जशीच्या तशी काळी काच. बाहेरून जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची राखाडी साल, सालीतले तंतू सगळे पृष्ठभागाला काटकोनात, ब्रशच्या केसांसारखे आत घुसलेले, आणि साल संपते बरोब्बर तिथे एक तडा, पूर्ण ठोकळ्याला वळसा घालून आलेला. सर म्हणाले वेळ वाढव. चार तास केले, साल तीन मिलिमीटर. आठ तास केले तर साल वाढली थोडी पण ठोकळाच बसला, लोळागोळा.

आता गंमत ऐका. ह्या मधल्या काळात केलेली दुसरी बॅच, तीच पोती, तीच वजनं, तोच प्रोग्रॅम, ती आरपार स्फटिक झाली. तपकिरी, कापल्यावर बारीक पोताची, साल नाही तडा नाही, कोपरे धारदार राहिलेले. म्हटलं जमलं बुवा. तिसरी बॅच केली तर परत सालवाली!! दुसऱ्या वेळी वेगळं काय केलं ते आठवत नाही आणि वहीतही काही लिहिलेलं नाही. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी आत कुठले स्फटिक आहेत ते ओळखायची चाचणी) दोन्हींना डायोप्साइड आणि अनॉर्थाइट ही खनिजं दिसतायत, फक्त सालवालीत काचेचा फुगवटा मोठा आहे. कुणाला काही सुचतंय का?

उगाच_एक
दुसऱ्या बॅचच्या दिवशी जे कपडे घातले होते ते घालून चौथी करा.

भट्टीकाका
मूसवाली, प्रश्न चांगला मांडलास, आणि कापून बघितलास हे फार बरं केलंस, निम्मे लोक वरून दगड दिसला की फोटो काढून मोकळे होतात.

तुझा सालवाला ठोकळा आहे ना, तो १७३९ सालचा आहे. रेओम्यूर नावाच्या फ्रेंच माणसाने तेव्हा साध्या काचेच्या बाटल्या वाळू आणि जिप्समच्या भुकटीत पुरून बरेच दिवस लाल तापवत ठेवल्या, त्याला काचेतून पोर्सेलिन करायचं होतं. बाटल्या पांढऱ्या अपारदर्शक झाल्या पण आकार बिघडले आणि ताकद काही आली नाही, कारण तेच, स्फटिक पृष्ठभागापासून आत तंतूंसारखे वाढत गेले आणि मधे एकमेकांना भिडले. तुझा दुसरा ठोकळा मात्र १९५३ नंतरचा. कॉर्निंगमधे स्टुकी काम करत होते, लिथियम सिलिकेटची चांदी घातलेली प्रकाशसंवेदी काच भट्टीत ६०० ला ठेवायची होती, कंट्रोलर बिघडला आणि भट्टी ९०० ला गेली. त्यांना वाटलं आत आता नुसतं थारोळं असणार. बघतात तर पट्टी तशीच, पांढरी झालेली, आणि चिमट्यातून निसटून खाली पडली ती फुटली नाही, धातूसारखी खणखणली. फरक कशाचा? रेओम्यूरच्या काचेत स्फटिकाला सुरुवात करायला फक्त पृष्ठभाग होता, स्टुकींच्या काचेत चांदीचे अतिसूक्ष्म कण सगळ्या पोटभर पसरलेले होते आणि प्रत्येक कणापाशी एक स्फटिक सुरू झाला.

म्हणून वेळ वाढवून उपयोग नाही. सुरुवातच जर फक्त सालीवर होतेय तर वेळ वाढवला की साल जाड होणार, बस. तुझ्या दुसऱ्या बॅचमधे पोटात काहीतरी गेलं होतं. ते काय हे शोध.

स्फटिकप्रेमी
काकांशी सहमत. पण "पोटात काहीतरी गेलं" म्हणायच्या आधी मोजून घेऊ. डीटीए (नमुना तापवत नेताना तो कुठे उष्णता घेतो-सोडतो ते टिपणारं यंत्र) आहे ना तुमच्याकडे? दोन्ही बॅचेसची न तापवलेली काच घ्या, प्रत्येकीची एक बारीक पूड, ६३ मायक्रॉनच्या खालची, आणि एक जाडी भरड, अर्ध्या मिलिमीटरची. चारही नमुने मिनिटाला १० अंशाने चढवा आणि स्फटिकीकरणाची उष्णता बाहेर पडते ते शिखर कुठे येतं बघा. पृष्ठभागावरून सुरू होत असेल तर बारीक पुडीत पृष्ठभाग पुष्कळ, त्यामुळे शिखर खालच्या तापमानाला सरकतं आणि भरडीत वर जातं. पोटातून सुरू होत असेल तर पूड असो की भरड, शिखर जवळपास तिथेच. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

अजून एक. तुम्ही सरळ ९५० ला गेलात. केंद्रकं, म्हणजे स्फटिकाची बारीक बीजं, तयार होण्याचा वेग आणि स्फटिक वाढण्याचा वेग ह्या दोन वेगळ्या टेकड्या आहेत. पहिली टेकडी काच-संक्रमण तापमानाच्या म्हणजे टीजीच्या (जिथे कडक काच सैल पडायला लागते) थोडी वर, बऱ्याचदा ५० अंशांच्या आसपास, दुसरी त्याच्याही बरीच वर. टीजीपाशी काचेची व्हिस्कॉसिटी, म्हणजे घट्टपणा, दहाचा बारावा घात पास्कल-सेकंद असते, अणूंना हलायला जेमतेम वाव, लांबून माल आणून मोठा स्फटिक बांधणं जमत नाही पण शेजारच्या शेजारी जुळवून बारीक केंद्रक जमतं. वर गेलं की माल झपाट्याने हलतो पण नवं केंद्रक टिकत नाही, विरघळून जातं. म्हणून दोन थांबे घ्यायचे, आधी खाली थांबून केंद्रकं करून घ्यायची आणि मग वर जाऊन वाढवायची. तुम्ही पहिल्या स्टेशनवर न थांबता गेलात.

मूसवाली
@स्फटिकप्रेमी, टीजी ६६० च्या आसपास येतोय. पण दुसऱ्या बॅचला पण मी तो थांबा दिला नव्हता हो, तरी ती झाली. डीटीए लावते. काका, कोपरे गोल का झाले ते पण सांगा ना.

भट्टीकाका
सोपं आहे. काच ७०० च्या पुढे मऊ व्हायला लागते. आतून स्फटिकांचा सांगाडा वेळेत उभा राहिला तर तो अंग सावरतो, म्हणून दुसऱ्याचे कोपरे राहिले. पहिल्यात सांगाडाच नाही, नुसती साल, आत मऊ काच, बसणारच. आणि तडा कशाने? सालीतले स्फटिक आणि आतली काच ह्यांचं आकुंचन सारखं नाही, निवताना एक जास्त ओढतो एक कमी, शिवणीवर उसवतं.

शंकेखोर
मूळ प्रश्नाला फाटा फोडतोय, माफी असावी. पण हे करायचंच कशाला? १४५० ला वितळवायचं, मग परत ९५० ला तापवायचं, एवढी ऊर्जा जाळून शेवटी मिळते फरशी. राख सिमेंटमधे जाते, स्लॅग सिमेंटमधे जाते, संपला विषय.

सिमेंटवाला
शंकेखोर, स्लॅग आमच्याकडे येते हे खरं आणि आम्हाला ती काचच हवी असते, त्यामुळे हा धागा आमच्या दृष्टीने शत्रुपक्षाचा आहे 😀 भट्टीतून निघालेल्या स्लॅगवर पाण्याचा मारा करून ती एवढ्या झटक्यात गोठवतात की स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही, वाळूसारखे काचेचे दाणे होतात आणि ते दाणे सिमेंटमधे हळूहळू प्रक्रिया करतात. तीच स्लॅग खड्ड्यात ओतून सावकाश निवू दिली की मेलिलाइट, मर्विनाइट असे स्फटिक बनतात आणि माल मुका होतो, सिमेंटच्या दृष्टीने नुसती खडी. एकच रसायन, एकच पदार्थ, फरक फक्त थंड होण्याच्या वेगाचा.

पण सगळाच कचरा सिमेंटमधे जात नाही हो. स्टील स्लॅग बघा, मोकळा चुना आणि डायकॅल्शियम सिलिकेट. निवताना त्या सिलिकेटचा स्फटिक बीटा रूपातून गॅमा रूपात जातो, आकारमान साधारण १२ टक्क्यांनी वाढतं, आणि तुमच्या डोळ्यांदेखत कडक ढेकूळ फुटून पीठ होतं. मी उभा राहून पाहिलंय, संध्याकाळी ढेकळं होती, सकाळी भुकटीचा ढीग. कचरा जाळल्यानंतरची राख, जस्ताच्या कारखान्यातला जॅरोसाइट आणि गोथाइटचा गाळ, ॲल्युमिनाचा लाल गाळ, ह्यांत जड धातू किंवा अल्कली असतात, ते सिमेंटवाले घेत नाहीत किंवा चिमूटभर घेतात.

शंकेखोर
बरं, जड धातू. मग काच केली की ते अडकतात असं म्हणता. स्फटिक केल्यावर जास्त अडकतात की कमी? कारण मी दोन्ही ऐकलंय.

काचबंद
दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्ही ऐकलंय. मी घातक कचऱ्याच्या व्हिट्रिफिकेशनमधे, म्हणजे कचरा वितळवून त्याची काच करण्यात, काम करतो, तिथे आम्ही स्फटिकाला घाबरतो. स्फटिक वाढतो तेव्हा तो आपल्या जाळीत बसतील तेवढेच अणू घेतो, बाकीच्यांना बाहेर ढकलतो, आणि ते उरलेल्या काचेत गर्दी करतात. क्रोमियम स्पिनेल नावाच्या खनिजात मस्त बसतो, एकदा बसला की पाण्याला सहज दाद देत नाही. शिसं मात्र डायोप्साइडमधे मावत नाही, आयन मोठा आहे, ते उरल्या काचेत जातं, आणि ती उरली काच जर सिलिका गमावून कच्ची झाली असेल तर पाझर वाढतो.

सगळ्यात वाईट उदाहरण अणुकचऱ्याच्या काचेतलं. सोडियम आणि ॲल्युमिनियम जास्त असलेली काच सिलिंडरमधे ओतली की मध्यभाग सावकाश निवतो आणि तिथे नेफेलीन नावाचं खनिज तयार होऊ शकतं. नेफेलीनच्या रेणूत एक सोडियम, एक ॲल्युमिनियम, एक सिलिकॉन. म्हणजे काचेचं जाळं धरून ठेवणारे दोन्ही हात स्फटिकाने नेले, मागे राहिलेल्या काचेला पाण्यात टिकायची ताकद राहत नाही. म्हणून "स्फटिक झालं म्हणजे सुरक्षित झालं" असं कुणी म्हटलं की विचारायचं, कुठला स्फटिक आणि मागे काय उरलं.

आता मूसवालीच्या प्रश्नावर माझं मत. लोखंड बघा. राखेत जे लोखंड आहे ते वितळताना फेरस होतं की फेरिक (फेरिकमधे ऑक्सिजन जास्त) त्यावर बरंच अवलंबून. फेरिक असेल तर निवताना किंवा पुन्हा तापवताना मॅग्नेटाइटसारखे स्पिनेलचे कण पडतात आणि तेच केंद्रकं होतात. राखेत न जळलेला कोळसा राहिलेला असतो, तो मुशीत लोखंडाला फेरस करून टाकतो, जास्त असला तर तळाशी चक्क लोखंडाचे मणी मिळतात. पोतं एकच असलं तरी वरची राख आणि तळातली राख ह्यांत कोळसा सारखा असेलच असं नाही. माझी पैज रेडॉक्सवर, म्हणजे ह्या फेरस-फेरिकच्या खेळावर.

भट्टीकाका
काचबंद, पैज घेतो. मूसवाली, मला एक सांग, तिन्ही बॅचेसना मूस कुठली वापरलीस? नवी की जुनी?

मूसवाली
आले डीटीए घेऊन.

पहिली बॅच: बारीक पूड ८९०, भरड ९५०. दुसरी बॅच: बारीक पूड ८७८, भरड ८८३. म्हणजे पहिलीत ६० अंशांचा फरक आणि दुसरीत ५ चा. आता माझ्या डोक्यात लख्ख, पहिली पृष्ठभागावरून, दुसरी पोटातून, अंदाजच नाही राहिला.

@काचबंद, तुमच्या म्हणण्याप्रमाणे राख आधी ८०० ला उघड्या ताटलीत दोन तास भाजली, काळपट होती ती तांबूस झाली, वजन ४ टक्के घटलं, म्हणजे कोळसा होता. तिची काच केली. रंग बदलला, कपचीची कड हिरवीऐवजी पिवळट तपकिरी दिसते. पण ९५० ला ठेवली तर परत साल!! किंचित जाड, आणि आत दोन-तीन ठिकाणी टिपके, एवढाच फरक.

@काका, ॲल्युमिनाची मूस, पहिलीला आणि तिसरीला नवी. दुसरीला... थांबा बघून सांगते.

काचबंद
मग पैज हरलो बहुतेक. तुझ्या काचेत एकूण लोह ऑक्साइड तीनेक टक्केच असणार, तेवढ्यावर आरपार व्हायला कमी पडतं. लाल गाळ किंवा गोथाइटसारख्या लोखंडाने भरलेल्या मालावर हीच युक्ती जोरात चालते, तिथे उलट अडचण अशी की बारीक पूड हवेत तापवली तर कणांच्या अंगावरचं फेरस फेरिक होतं आणि अंग व पोट वेगवेगळं वागायला लागतं. काका, बोला आता, हुकमाचं पान काढा.

मूसवाली
काका!!! दुसऱ्या बॅचला नव्या मुशा संपल्या होत्या म्हणून कपाटातली जुनी घेतली होती, धुऊन. आत्ता ती शोधून काढली. आतून तळाला आणि कडेला गडद हिरवा थर आहे, खरवडला तरी निघत नाही. मागच्या वर्षीच्या दादाला फोन केला, तो म्हणाला त्या मुशीत फेरोक्रोमची स्लॅग वितळवली होती, दोनदा.

आणि आता दोन्ही काचांच्या पातळ कपच्या शेजारी शेजारी धरल्या खिडकीत. पहिलीचा हिरवा बाटलीचा, निळसर. दुसरीचा हिरवा पोपटाचा. इतके दिवस मी दोन्हींना "हिरवी" म्हणून वहीत एकच शब्द लिहीत होते.

भट्टीकाका
हं. निळसर हिरवा फेरस लोखंडाचा, पोपटी क्रोमचा. क्रोमियम ऑक्साइड सिलिकेट काचेत फार विरघळत नाही, अर्धा-एक टक्का असला तरी जड होतं त्याला, मग काच निवताना किंवा परत तापवताना ते मॅग्नेशियम-लोखंडाला सोबत घेऊन स्पिनेलचे बारीक कण होऊन बाहेर पडतं, आणि त्या कणांवर पायरॉक्सीन, म्हणजे तुझं डायोप्साइड, वाढायला लागतं. तुझ्या स्लॅगमधे मॅग्नेशिया आहेच. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात सिलसेरम नावाचं जे स्लॅगचं ग्लास-सिरॅमिक केलं होतं ते ह्याच जोडीवर, क्रोम आणि लोखंड. त्याच्या आधी १९६० च्या दशकात सोव्हिएत युनियनमधे कितायगोरोद्स्कींच्या मंडळींनी स्लॅगसिटाल केलं, त्यांनी तर बाहेरून महागडं काही आणलंच नाही, स्लॅगमधे गंधक असतोच, त्या सल्फाइडचीच केंद्रकं केली. लोखंड-मँगनीजचं सल्फाइड काळपट दिसतं म्हणून झिंक ऑक्साइड घालून झिंक सल्फाइड करायचे आणि पांढरी फरशी काढायचे, रोलरमधून सलग पत्रा यावा तशी. मला त्या माणसांचं फार कौतुक आहे, दोष होता तोच कामाला लावला.

उगाच_एक
म्हणजे न घासलेल्या भांड्यामुळे शोध लागला. घरी सांगतो.

मूसवाली
धुतली होती हो!!

स्फटिकप्रेमी
थांबा, अजून पक्कं नाही. स्पिनेल खरंच आहे का बघायचं तर ९५० च्या नमुन्यात शोधू नका, एक्सआरडीच्या आलेखात स्पिनेलची मुख्य रेषा ३५-३६ अंशांच्या कोनापाशी येते आणि डायोप्साइडची एक रेषा नेमकी तिथेच बसलेली असते, झाकून जाते. दुसऱ्या बॅचची उरलेली काच फक्त ७२० ला दोन तास ठेवा, डायोप्साइड यायच्या आत काढा, आणि मग एक्सआरडी करा. काचेच्या फुगवट्यावर त्या जागी बारीकसा उंचवटा दिसला तर तो स्पिनेल. एक टक्क्याच्या आतला माल आहे, सावकाश स्कॅन लावा, रात्रभर.

आणि मुशीवर अवलंबून राहू नका, क्रोमियम ऑक्साइड तोलून घाला. शून्य, ०.३, ०.७ असे तीन नमुने नव्या मुशीत. ॲल्युमिनाची मूससुद्धा थोडी विरघळतेच, सगळ्यांना सारखा वेळ द्या.

शंकेखोर
कचऱ्यातून सुटका करायला निघालात आणि वरून क्रोम घालताय. वा.

काचबंद
शंका रास्त आहे ह्यावेळी. स्पिनेलमधला क्रोम तीन-संयुजी असतो, तो नाही सुटत. पण मूसवालीच्या बॅचमधे १० टक्के सोडा आहे आणि भट्टीत हवा खेळती, अशा ठिकाणी थोडा क्रोम सहा-संयुजी होऊन सोडियम क्रोमेट बनू शकतो आणि ते पाण्यात सरळ विरघळतं, विषारी आहे. हातमोजे वापर, मुशीच्या कडेवर पिवळी झाक दिसली तर सावध. अंतिम नमुना दळून पाण्यात ठेव, पाणी पिवळं पडतं का बघ, आणि मग रीतसर लीचिंग (पाझर) चाचणीला दे, फरशीचा तुकडा म्हणून नको, दळून दे. तुकडा सगळेच पास होतात.

सिमेंटवाला
शेवटचं वाक्य फ्रेम करून लावतो.

मूसवाली
उशीर झाला, भट्टीचा नंबर लागत नव्हता.

दुसऱ्या बॅचची काच ७२० ला ठेवून स्कॅन केला, ३५.७ पाशी छोटी टेकडी आहे, बसकी पण आहे. पहिल्या बॅचला त्याच ठिकाणी सपाट.

तीन नमुने केले. आता आधी ७२० ला दोन तास आणि मग ९२० ला दोन तास. शून्य क्रोम: साल, अपेक्षेप्रमाणे, थांबा दिला तरी साल. @स्फटिकप्रेमी, म्हणजे नुसत्या थांब्याने केंद्रकं येत नाहीत, द्यायला काहीतरी लागतं. ०.३: साल अर्धा मिलिमीटर, आत टिपके टिपके, ढगाळ. ०.७: आरपार, कोपरे इतके धारदार की बोट कापलं.

दळून पाण्यात ठेवलंय, तीन दिवस झाले, पाणी नितळ आहे, तरी लीचिंगला दिलंय.

पण आता नवीन भानगड. ०.७ वाला ठोकळा पॉलिश केला तर कडेला आरशासारखा आणि मधोमध बारीक बारीक छिद्रं, सुईच्या टोकाएवढी, फक्त मध्यभागी. काचेत बुडबुडे नव्हते, ओतल्यावर मी टॉर्च लावून बघितलं होतं. वितळवताना काही राहिलं का?

स्फटिकप्रेमी
नाही, ती छिद्रं स्फटिकाने केलीत. डायोप्साइडच्या काचेची घनता साधारण २.८५ आणि स्फटिकाची ३.२७. म्हणजे तोच माल स्फटिक झाला की कमी जागेत मावतो. बाहेरचा भाग आधी घट्ट झाला, सांगाडा पक्का, आता आतला माल आकसतोय पण बाहेरचं कवच आत सरकायला तयार नाही, मग आत पोकळी पडते. अनॉर्थाइटचं असं नाही, त्याच्या काचेची २.७० आणि स्फटिकाची २.७६, फरक किरकोळ. तुमच्या मालात डायोप्साइड जास्त आलं म्हणून हा प्रकार. राखेचं प्रमाण थोडं वाढवून बघा, ॲल्युमिना वाढेल, अनॉर्थाइटकडे झुकेल. मात्र वितळायला जड जाईल.

भट्टीकाका
किंवा ठोकळाच करू नकोस. काचेचे दाणे कर, साच्यात पसर, दाणे एकमेकांना चिकटतात आणि प्रत्येक दाण्याच्या अंगावरून स्फटिक आत वाढतो. जपानमधे निप्पॉन इलेक्ट्रिक ग्लास इमारतींच्या दर्शनी भागाचे पॅनेल असेच काढते, वोलास्टोनाइट ह्या खनिजाचे, संगमरवरासारखे दिसतात. तिथे क्रोमबिम काही लागत नाही, दाणाच एवढा लहान की साल म्हणजेच सगळा दाणा. फक्त चिकटायच्या आधी स्फटिक झाले तर दाणे सुटे राहतात, म्हणून मधल्या टप्प्यात जरा भरभर चढवायचं.

मूसवाली
काका, म्हणजे पहिल्या बॅचची जी काच मी चिडून भंगारच्या डब्यात टाकलीय, ती फोडून दाणे केले तर चालेल?

भट्टीकाका
तीच तर हवी. डबा रिकामा करायला कुणी येण्याआधी जा.

मूसवाली
आणली. साडेचार किलो आहे. कुठल्या चाळणीने चाळू, १ ते ५ मिलिमीटर ठीक?

भट्टीकाका
ठीक. खालचा भुगा वेगळा ठेव, टाकू नकोस. आणि ह्यावेळी वहीत मूस कुठली ते लिही.